जांभ्यासमोर लाल नको

नाटे गावचा यशवंतगड जैतापूरच्या खाडीकाठी उभा आहे. (रेडीचा यशवंतगड वेगळा, दोघांची गल्लत नेहमी होते.) या गडाच्या लाल जांभ्याच्या तटाला टेकून लाल कुर्त्यात फोटो काढला, की चेहरा, हात आणि ओढणीचा काठ एवढंच उठून दिसतं, बाकीचं माणूस भिंतीत जमा. कुर्ता तीनशेचा असो की तीन हजारांचा, निकाल तोच. हाच कुर्ता श्रावणात आंबोळगडच्या हिरव्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नेला, तर लांबून येणाऱ्यालाही आधी तोच दिसेल.

राजापूर तालुक्यातला हा पट्टा, म्हणजे नाटे, साखरी नाटे, आंबोळगड, मुसाकाजीची जेटी, गेल्या काही वर्षांत इन्स्टाग्रामवर चांगलाच दिसू लागला आहे. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आले की फोटोंचा पूर येतो, आणि गावातल्या कॉलेजच्या मुली तर बाराही महिने काढतात. प्रत्येक फोटोआधी प्रश्न एकच, काय घालू? उत्तरही बहुधा एकच, ऑनलाइन नवीन मागवू. कपाट भरतं, फोटो मात्र एकसारखेच येतात, कारण सगळी निवड आरशासमोर होते आणि फोटो काढायचा असतो कातळावर. उलट्या बाजूने सुरुवात केली तर हे काम बरंच सोपं आणि स्वस्त होतं. नाट्याच्या परिसराचे रंग मोजके आहेत, आणि ते वर्षातून ठरल्या वेळी बदलतात. ते आधी ओळखायचे आणि त्यांच्या हिशेबाने आठ-दहा कपडे घ्यायचे.

अशा मोजक्या, एकमेकांशी जमणाऱ्या कपड्यांच्या संचाला फॅशनच्या दुनियेत ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ म्हणतात. १९७०च्या दशकात लंडनमध्ये सूझी फॉ यांनी ‘वॉर्डरोब’ नावाच्या आपल्या दुकानातून ही कल्पना रुजवली. थोडे पण चांगल्या प्रतीचे, लवकर जुने न वाटणारे कपडे घ्यायचे आणि मोसमाप्रमाणे त्यात किरकोळ भर घालायची, असा तो विचार होता. १९८५ साली न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी नोकरदार बायकांसाठी सात कपड्यांचा संच आणला आणि कल्पना जगभर गेली. २०१०मध्ये कोर्टनी कार्व्हर या अमेरिकन बाईंनी तीन महिने फक्त तेहतीस वस्तूंवर काढायचा नेम सुरू केला, तोही चपला आणि दागिने धरून.

या विषयावर आज ज्या याद्या फिरतात त्यांचं मूळ तिकडचं आहे, म्हणून त्यांत काळी पँट, बेज कोट, पांढरा शर्ट आणि करडा स्वेटर हटकून असतो. ढगाळ हवेच्या, दगडी इमारतींच्या शहरात हे शोभत असेल. नाट्यात कोटाचा प्रश्नच मिटला, स्वेटर फार तर पौषातल्या पहाटे. काळा रंग उन्हात अंग भाजतो आणि फोनच्या फोटोत त्याच्या चुण्या, शिवण, भरतकाम सगळं एका डागात जातं. आणि बेज? आंबोळगडच्या पुळणीवर बेज कपडा घालून उभं राहिलं तर वाळूवर एक डोकं ठेवल्यासारखं दिसतं.

तेव्हा आधी गावाचे रंग बघू.

पहिला रंग जांभ्याचा. गडाचा तट, घरांचे चिरे, कुंपणाचे गडगे, विहिरींची बांधणी, पाखाड्यांच्या पायऱ्या, सगळीकडे तोच. या दगडाला लाली येते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे. मुसळधार पावसाने खडकातली विरघळणारी द्रव्यं लाखो वर्षं धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्यातून जांभा झाला. फ्रान्सिस ब्युकानन याने १८०७ साली मलबारातल्या अंगडिपुरमच्या दगडावरून त्याला लॅटेराइट हे इंग्रजी नाव दिलं. खाणीतून काढताना हा दगड लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो, हे त्यानेही नोंदवलं आहे. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. नव्याने काढलेला चिरा केशरी-लाल असतो, जुना होत जाईल तसा काळवंडतो, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढलं की हिरवट काळा होतो. म्हणजे ‘लाल भिंत’ म्हणून आपण जी धरतो ती खऱ्या अर्थाने लाल असते दिवाळीपासून मेपर्यंत. आषाढात त्याच तटासमोर लाल कुर्ता मजेत चालून जातो.

दुसरा रंग सड्याचा, आणि तो सगळ्यात लहरी. जूनच्या मध्यावर पोपटी, श्रावणात गर्द हिरवा. भाद्रपदात कातळावरच्या पातळ मातीत सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं आणि गेंदाची पांढरी बोंडं उगवतात, तेव्हा महिनाभर हिरव्यावर जांभळी झाक. दसरा उलटला की गवत पिवळं पडायला लागतं आणि डिसेंबरपासून पुढे सहा महिने सडा म्हणजे वाळलेलं गवत आणि काळपट कातळ. तिसरा समुद्राचा. तो फोटोत निळा येतो असा आपला समज असतो. पावसाळ्यात तो मातकट करडा असतो, हिवाळ्यात सकाळी निळसर, आणि संध्याकाळी सूर्य समोर आला की नुसता चमकता पांढरा. चौथा बंदराचा. जेटीवर रंगाची कमतरता नाही, होड्यांच्या कुशीवर निळा, हिरवा, लाल, पिवळा एकत्र नांदतात, जाळ्यांचे ढीग वेगळेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून प्लास्टिकने झाकलेल्या असतात आणि तो सगळा थाट दिसेनासा होतो. बंदर चालू असताना तिथे भरगच्च छापाचा ड्रेस घालून जाणं म्हणजे गर्दीत गर्दी. तिथे एकरंगीच कपडा हवा. आणि हो, ती कामाची जागा आहे. लिलाव चालू असताना टोपल्यांच्या मध्ये उभं राहून पोझ देणाऱ्यांना ज्या शब्दांत बाजूला सारतात, ते शब्द इथे छापण्याजोगे नाहीत.

आता रंगाने रंग का मारतो किंवा का उठवतो, हे पाहू. याचं उत्तर एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कापडावरच शोधलं. मिशेल शेव्ह्रल १८२४पासून पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी गालिचा-पडद्यांच्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. तक्रार आली की काळ्या रंगाच्या धाग्याला दम नाही, निळ्या-जांभळ्या भागात तो फिका पडतो. शेव्ह्रलने दुसरीकडचे काळे धागे आणून ताडून पाहिले. धाग्यात खोट नव्हतीच, शेजारच्या रंगामुळे डोळ्याला तो तसा भासत होता. यावर त्याने १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना दूर ढकलतात. रंगचक्रात समोरासमोर असलेले रंग शेजारी आले तर दोघंही तेजस्वी दिसतात, जवळजवळचे आले तर दोघांचंही पाणी उतरतं. गृहस्थ एकशे दोन वर्षं जगले, तेव्हा घाईत मत बनवणाऱ्यांपैकी नसावेत.

हा नियम नाट्याला लावला तर केशरी-लाल जांभ्यासमोर निळा-हिरवा, म्हणजे मोरपंखी किंवा चिंतामणी. पावसाळी हिरव्या सड्यावर डाळिंबी, राणी, आमसुली. वाळक्या पिवळ्या गवतावर जांभळ्याच्या घरातले रंग, त्यात आमसुली पुन्हा आलाच. करड्या-निळ्या समुद्रासमोर हळदी, शेंदरी, अबोली. यात एक मेख आहे. रंग वेगळा असूनही त्याची फिकट-गडद पातळी भिंतीइतकीच असेल तर फोटो मेलेलाच येतो. गर्द डाळिंबी आणि गर्द हिरवं रान, दोन्ही सारखेच गडद, म्हणून संध्याकाळच्या उजेडात दोन्ही मिसळून जातात. हे तपासायला फोनमधला कृष्णधवल फिल्टर पुरतो. कपडा भिंतीला लावून एक फोटो काढायचा आणि रंग काढून टाकायचा. दोन्ही एकाच राखाडीत गेले तर तो कपडा त्या जागेसाठी बाद, किंवा मग मध्ये फिकी ओढणी हवी. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकलेच्या शिक्षकाने १९०५ साली रंगाचे जात, उजळपणा आणि तीव्रता असे तीन वेगवेगळे गुण मांडले, त्यातला हा दुसरा. दुकानात आपण फक्त पहिला बघतो.

एवढ्यावर नाट्यासाठी संच बसवता येतो. कुर्ते चार: मोरपंखी, हळदी, आमसुली आणि एक मोतिया रंगावर बारीक ठशांचा. खाली तीन: मोतिया सलवार, गडद निळी पँट, मातकट पलाझो. ओढण्या दोन: एक साधी फिकट, एक खणाच्या काठाची. एकूण नऊ कपडे. चार कुर्ते गुणिले तीन म्हणजे बारा जोड्या, त्या प्रत्येकीवर एक ओढणी, दुसरी ओढणी किंवा ओढणीच नाही, म्हणजे छत्तीस. आमसुलीखाली गडद निळी पँट उठत नाही, ती जोडी सोडली तर तीन वजा, तेहतीस. आता तेच नऊ कपडे बाजारात ‘थ्री पीस सेट’ म्हणून घेतले तर किती? तीन सेट, तीन फोटो. सेटमध्ये कुर्त्याचाच छाप सलवारीवर आणि ओढणीवरही असतो, त्यामुळे एकाची सलवार दुसऱ्याखाली जात नाही. पैसे जवळपास तेवढेच, ओढण्या जास्त असल्यामुळे कधी जास्तही. सेट ही दुकानदाराची सोय आहे, आपली नव्हे.

गुणाकाराचं हे गणित मराठी बायकांना नवं नाही. फक्त त्याला कोणी परदेशी नाव दिलं नव्हतं. तालुक्याच्या गावी एखादं तरी मॅचिंग सेंटर असतंच. छतापर्यंत रचलेले टू बाय टूचे तागे, परकर, अस्तर, फॉल. तिथे साडीचा पदर काउंटरवर टाकून काठातला नेमका कोणता रंग ब्लाऊजला घ्यायचा यावर जी चर्चा चालते, तीत रंगशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम होऊन जातो. साडीतल्या मुख्य रंगाचा ब्लाऊज घेतला की तो एकाच साडीचा होतो. काठातला किंवा बुट्टीतला रंग घेतला की तो तीन साड्यांना चालतो. चार साड्या आणि काळजीपूर्वक निवडलेले पाच ब्लाऊज असतील तर वीस वेळा वेगळं दिसता येतं, आणि जुन्या बायका तसंच करत. ट्रंकेत लुगडी मोजकी, पण एक खणाची चोळी सगळ्यांवर चाले.

खणाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सध्या फोटोंत त्याची चलती आहे आणि ती उगाच नाही. खण कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्डला विणला जातो आणि पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्रात खपतो. त्यात पुष्कळदा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. म्हणून समोरून पाहिलं तर जांभळा, दंड वळवला की त्यात लालसर झळाळी, यालाच धूपछाँव म्हणतात. सपाट रंगाचं कापड फोटोत एकच रंग देतं, खण मात्र प्रत्येक चुणीला वेगळा उतरतो, त्यामुळे घडण दिसते, कापड जिवंत वाटतं. अख्खा खणाचा ड्रेस शिवायची सध्या फॅशन आहे. माझ्या मते ती उधळपट्टी आहे. अख्ख्या ड्रेसमध्ये खण डोळ्याला थकवतो, आणि तो ड्रेस इतका लक्षात राहतो की दुसऱ्यांदा फोटोत घालायची चोरी. दोन बोटं रुंद काठ किंवा एक चोळी, एवढ्यानेच काम होतं.

फोटोसाठी ठरवून कपडे घालायचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र नेमका उलट्या दिशेने गेला आहे, तो म्हणजे नवरात्रीचे नऊ रंग. या शतकाच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र टाइम्स’ने ही कल्पना लोकप्रिय केली. वाचकांनी एका रंगात फोटो काढून पाठवायचे आणि पेपराने छापायचे. लोकल गाड्या, बँका, शाळांच्या शिक्षकखोल्या एकेका दिवशी एका रंगात न्हायला लागल्या. त्यामागे धर्मशास्त्र शोधू नये. घटस्थापना कोणत्या वारी येते त्यावर क्रम ठरतो, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, असा. मजा आहे, गटाच्या फोटोत तर फारच. पण प्रत्येकीला नऊ रंगांच्या नऊ साड्या हव्यात अशी जी समजूत झाली, तिने कपाटं भरली. राखाडी साडी वर्षातून एकदाच बाहेर येते. आडिवऱ्याच्या महाकालीच्या नवरात्राला नाट्याकडून पुष्कळ मंडळी जातात. तिथे वरच्या संचातली हळदी, मोरपंखी, आमसुली, मोतिया मिळून चार दिवस निघाले, उरलेल्या दिवसांना ओढणी किंवा ब्लाऊज त्या रंगाचा केला तरी कोणी हिशेब मागत नाही.

पुढचा भाग फोनचा. डोळ्याला दिसतं ते कॅमेऱ्याला दिसेलच असं नाही, आणि काही रंग त्याच्याशी वैर धरूनच असतात. भडक लाल आणि राणी रंग उन्हात लाल वाहिनीची मर्यादा ओलांडतात. त्या भागात छटाच उरत नाहीत, चुण्या पुसल्या जातात आणि अंगावर कागद चिकटवल्यासारखा कपडा दिसतो. जांभळा पुष्कळ फोनांत निळा होऊन येतो. साबणाच्या पावडरीत कापड शुभ्र दिसावं म्हणून घातलेली द्रव्यं अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतात, म्हणून स्वच्छ धुतलेला पांढराशुभ्र कुर्ता सावलीत निळा येतो. मोतिया या कटकटीतून सुटतो. अगदी बारीक चौकडी किंवा रेघा लांबून घेतल्या तर त्यांवर लाटांसारखी नक्षी उमटते, कारण कापडाच्या रेघा आणि सेन्सरवरच्या बिंदूंच्या ओळी एकमेकींत अडकतात. आणि पांढरी पुळण, पांढरा कपडा, पांढरं आकाश असं सगळं एकत्र आलं की फोन समजतो उजेड फार झाला आणि चित्र अंधारून टाकतो. माणूस काळवंडतं. तेव्हा पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवायचा.

उजेडाची वेळ तर कपड्याहून महत्त्वाची. नाटे साधारण साडेसोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. चाकरमानी तेव्हाही गावात असतात. त्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी, नाकाखाली, हनुवटीखाली काळे डाग पडतात आणि कुठलाच रंग साथ देत नाही. संध्याकाळच्या सोनेरी उजेडाचे सल्ले आपण वाचतो तेही युरोपातले. तिथे सूर्य तिरका उतरतो, इथे जवळजवळ सरळ बुडी मारतो. मार्च किंवा सप्टेंबरच्या शेवटी सहा अंशांवरून क्षितिजाला टेकायला लंडनमध्ये चाळीसेक मिनिटं लागतात, नाट्यात पंचविसेक. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, जुलैत सव्वासातला. कपडे बदलायला घरी जाऊन येऊ म्हणाल तर उजेड गेलेला असेल. इथे संचाचा खरा उपयोग होतो. अंगावर एक कुर्ता, पिशवीत दोन ओढण्या, की त्या पंचवीस मिनिटांत तीन वेगळे फोटो निघतात.

पण सगळ्यात भरवशाचा स्टुडिओ घरातच असतो, पडवी. वरून कौलं, समोर उघडं खळं. डोक्यावरचं ऊन अडतं, आणि खळ्यातून परावर्तित झालेला मऊ उजेड समोरून चेहऱ्यावर येतो. पैसे खर्चून लोक छत्र्या आणि दिवे लावून जे साधतात ते इथे नळ्याची कौलं करतात. पडवीच्या कडेपासून दोन-तीन पावलं आत, तोंड खळ्याकडे. मात्र खळं शेणाने सारवलेलं आहे की त्यावर लाल फरशी आहे हे बघा. लाल फरशीचा लाल उजेड हनुवटीखाली चढतो आणि मोतिया कुर्ता गुलाबी दिसायला लागतो. गणपतीत प्रश्न वेगळा. माटवीखाली पिवळी माळ, बाजूला पांढरी ट्यूब, मखरात निळे-हिरवे दिवे. फोनला कोणता उजेड खरा धरावा ते कळत नाही. शक्य असेल तर फोटोपुरती ट्यूब बंद करावी. पिवळ्या उजेडात हळदी फिका पडतो, आमसुली आणि मोरपंखी टिकतात.

कापडाविषयी किनाऱ्यावर स्वप्नं पाहू नयेत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जाड सुती कपडा चार-चार दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो, कपाटात ठेवलेल्या रेशमावर बुरशीचे ठिपके येतात, जरी काळी पडते. म्हणून पावसाळ्यासाठी पातळ सुती किंवा थोडं पॉलिएस्टर मिसळलेलं कापड घ्यावं, लिनन हिवाळ्यासाठी ठेवावं. शुद्ध पॉलिएस्टर झटकन वाळतं पण मेमध्ये घामाने अंगाला चिकटतं, आणि त्याची चमक फोटोत ओल्यासारखी दिसते. वारा हाही हिशेबात धरायचा. किनाऱ्यावर सकाळी उशिरा समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारभर वाढत जातो, कारण जमीन पाण्याच्या आधी तापते. त्या वाऱ्यात जॉर्जेटची ओढणी तोंडावर येते, थोडं वजन असलेली सुती ओढणी हवी तशी फुलते. आतल्या बाजूने खांद्याला दोन पिना, बस.

खर्च कुठे करायचा, कुठे वाचवायचा? फोनवरचे निम्म्याहून अधिक फोटो कमरेच्या वरचेच असतात. सलवार-पँट साधी चालते, गळा, बाही आणि कानातले मात्र प्रत्येक फोटोत आहेत. गावातल्या शिंप्याकडून कुर्ते शिवून घेतले तर मापात बसतात, आणि फोटोत किमतीपेक्षा माप जास्त दिसतं. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असेल तर महागडा ब्रँडही उसना आणल्यासारखा दिसतो. इन्स्टाग्रामवर तुमच्या पानावर फोटो तीन-तीनच्या ओळीत दिसतात आणि २०२५पासून ते चौकोनी राहिले नाहीत, उभे झाले. म्हणजे आता पूर्ण उंचीचा फोटो कापला जात नाही. एकाच ओळीत तोच कुर्ता दोनदा येऊ दिला नाही, मध्ये जागा आणि ओढणी बदलली, की पुन्हा घातलाय हे तुमच्या आत्तेबहिणीशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. आणि आलं तर? २०१८ साली ब्रिटनमध्ये बार्कलेकार्डने केलेल्या पाहणीत सुमारे नऊ टक्के ग्राहकांनी कबूल केलं होतं, की फक्त फोटोपुरते कपडे मागवून नंतर परत केले. एका कपड्यात दोनदा दिसू नये या भीतीने माणसं कुठवर जातात, त्याचा हा नमुना.

मुलग्यांनाही हे सगळं लागू आहे, त्यांचं काम उलट सोपं. सध्या कातळावर जाणारा प्रत्येक तरुण काळा शर्ट घालून जातो आणि कातळच होतो. हळदी किंवा फिकट निळा शर्ट, मोतिया पायजमा, झालं.

एक विनंती मात्र कपड्यापलीकडची आहे. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती तर पंधरा मीटरहून लांब आहे, आणि कोकणातली ही शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांच्या रेषा जांभ्यात कोरलेल्या आहेत आणि जांभा पायाखाली झिजतो. फोटो बाहेर उभं राहून काढा, रेषांवर पाय नको, पाणी किंवा खडू ओढून त्या ठळकही करू नका. वेत्येच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री फ्लॅश नको.

आणि सुरुवात करायचीच असेल तर नवा कुर्ता घेऊ नका. आधी कपाटातली प्रत्येक ओढणी गडग्यावर टाकून कृष्णधवल फोटो काढा आणि कोणती बुडते ते बघा. मग एकच खरेदी करा, मोतिया रंगाची, पातळ सुती, खिसा असलेली सलवार. नाट्यात ती बाराही महिने चालते.